शाळेची हवा आणि शिक्षकाची प्रकृती

कोणत्याही शाळेच्या कचेरीत शिक्षकांच्या रजेच्या अर्जांची एक फाईल असते. तुम्ही मुख्याध्यापक असाल, लेखनिक असाल किंवा स्वतः शिक्षक असाल, तर ती तुमच्या हाताखालून गेलेली असेल. घसा बसला आहे, डोके उठले आहे, रक्तदाब वाढला आहे, पित्त झाले आहे, कंबर धरली आहे, अशी कारणे तिच्यात ओळीने लिहिलेली आढळतात. प्रत्येक अर्ज एकेकट्या माणसाचा असतो. म्हणून आपण तो वाचतो, त्यावर सही करतो आणि मनाशी म्हणतो, ‘यांची प्रकृतीच मुळी नाजूक!’ पण हेच अर्ज एखाद्या दिवशी एकत्र काढावेत आणि तारखांप्रमाणे लावून पाहावेत. मग मनात काही प्रश्न उभे राहतील. दुखणी वर्षभर सारखीच येतात, की काही ठरावीक आठवड्यांतच दाटीने येतात? ती सगळ्या वयाच्या माणसांना होतात, की विशिष्ट वर्ग सांभाळणाऱ्यांनाच होतात? आणि शाळेत कारभार पाहणारी व्यक्ती बदलली, की अर्जांची संख्या बदलते का?

हे प्रश्न मनात आले, की एक गोष्ट ध्यानात येऊ लागते. दुखणे माणसाच्या अंगात असले, तरी त्याचे मूळ पुष्कळदा शाळेच्या हवेत असते. आज त्या हवेविषयीच मला तुमच्याशी थोडे बोलायचे आहे.

हवा हा शब्द मी दोन्ही अर्थांनी वापरतो आहे. एक हवा खिडकीतून येणारी. वर्गातला उजेड, धूळ, गोंगाट, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह हे सारे तिच्यात आले. दुसरी हवा माणसांच्या वागण्यातून तयार होणारी. हुकूम कसे सुटतात, चूक झाली तर कोणत्या शब्दांत सांगितली जाते, काम कसे वाटले जाते, शिक्षकाला मत विचारले जाते की नाही, अडचणीत शेजारचा सहकारी उठून येतो की नाही, हे सगळे या दुसऱ्या हवेत येते. माणूस दिवसाचे सहा-सात तास या दोन्ही हवांत श्वास घेत असतो. त्याचा परिणाम होणार नाही असे कसे म्हणता येईल?

पहिल्या हवेचा हिशेब सोपा आहे, म्हणून तो आधी पाहू. शिक्षकाचे मुख्य हत्यार म्हणजे आवाज. सुताराची करवत बोथट झाली, तर तो तिला धार लावून घेतो. शिक्षकाचा आवाज बसला, तर तो हळद-मीठ घालून गुळण्या करतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच ओरडतो. अमेरिकेतील आयोवा आणि युटा या दोन राज्यांत बाराशेहून अधिक शिक्षकांची आणि जवळजवळ तितक्याच इतर व्यावसायिकांची एक पाहणी झाली. ती २००४ साली प्रसिद्ध झाली. आयुष्यात केव्हा ना केव्हा आपल्याला आवाजाचा विकार झाला, असे सांगणाऱ्यांचे प्रमाण इतरांमध्ये सुमारे २९ टक्के होते. शिक्षकांमध्ये ते सुमारे ५८ टक्के, म्हणजे बरोबर दुप्पट भरले. गोंगाटात बोलणारा माणूस नकळत आवाज चढवतो, हे एत्येन लोंबार या फ्रेंच वैद्याने १९११ सालीच दाखवून दिले होते. शिकवणे चालू असताना वर्गातला इतर आवाज ३५ डेसिबलच्या वर जाऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली सुचवले. आपल्याकडची रस्त्यालगतची शाळा डोळ्यांपुढे आणा. वर पत्र्याचे छप्पर, त्यावर पडणारा पाऊस, आणि मध्ये नुसता लाकडी पडदा घालून केलेले दोन वर्ग! तिथे बाईंचा घसा बसला, तर त्यात बाईंच्या प्रकृतीचा दोष किती आणि पत्र्याचा किती?

आता या घशाशी आणखी एक गोष्ट जोडलेली आहे. तिच्याविषयी चारचौघांत बोलायला आपल्याला संकोच वाटतो, म्हणूनच ती इथे बोलली पाहिजे. ज्या शाळेत शिक्षिकांसाठी वेगळे, स्वच्छ, पाणी असलेले आणि आतून कडी लागणारे स्वच्छतागृह नाही, तिथल्या बाई सकाळपासून पाणीच पीत नाहीत. पाणी प्यायले नाही की घसा कोरडा पडतो, आणि कोरड्या घशाने बोलावे तर स्वरतंतूंवर ताण येतो. लघवी तासन् तास रोखून धरली की मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग होण्याची भीती वाढते. शेवटी रजेच्या अर्जावर ‘ताप’ एवढेच लिहिले जाते. कडी तुटलेल्या दाराचा उल्लेख त्यात कुठेही नसतो.

बरे, हे झाले डोळ्यांना दिसणारे. दुसरी हवा दिसत नाही. पण तीही शरीरात शिरते. माणसाला धोका जाणवला की शरीर आपोआप तयारीला लागते. अ‍ॅड्रिनलिन, कॉर्टिसोल ही द्रव्ये रक्तात वाढतात, नाडी जलद चालते, रक्तदाब चढतो. समोर साप दिसला तर ही तयारी उपयोगाची असते. साप निघून जातो आणि शरीरही शांत होते. पण धोका जर रोज साडेदहा वाजता हजेरीपटावर सही करतानाच सुरू होत असेल, आणि रात्री दहा वाजता मोबाईलवर ‘उद्या सकाळपर्यंत माहिती सादर करा’ या निरोपाने पुन्हा जागा होत असेल, तर शरीराने शांत व्हायचे केव्हा? मग झोप उडते, पोट बिघडते, डोके दुखते, आणि वर्षानुवर्षे हेच चालू राहिले तर हृदयावरही भार पडतो.

हा भार कुणावर अधिक पडतो, याचा फार सखोल अभ्यास इंग्लंडात झाला आहे. १९६७ साली लंडनमधल्या सुमारे अठरा हजार सरकारी नोकरांच्या प्रकृतीची पाहणी सुरू झाली. ‘मोठ्या साहेबाला मोठी चिंता, म्हणून हृदयविकारही त्यालाच,’ अशी लोकांची समजूत होती. प्रत्यक्षात उलट आढळले. हृदयविकाराने मरण येण्याचे प्रमाण अगदी खालच्या श्रेणीतल्या नोकरांत वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या तिपटीहून अधिक होते, आणि धूम्रपान, रक्तदाब वगैरे कारणे हिशेबात धरूनही हा फरक पुरता मिटत नव्हता. पुढे १९८५ साली दुसरी पाहणी सुरू झाली. तिच्यात स्त्रियांनाही घेतले होते. आपल्या कामावर ज्यांचा स्वतःचा ताबा कमी, त्यांना हृदयाचे दुखणे अधिक, असे तिच्यातून दिसून आले. त्याआधी १९७९ साली रॉबर्ट कारासेक या अभ्यासकाने हेच सूत्र मांडले होते. नुसत्या जास्त कामाने माणूस तितका खचत नाही. काम जास्त आणि ते कसे करायचे हे ठरवण्याची मुभा कमी, हा जोड त्याला खचवतो. आपल्या भाषेत याला ‘तोंड दाबून बुक्क्यांचा मार’ म्हणतात!

ही माणसे कचेरीत काम करणारी होती, शिक्षक नव्हती, हे खरे. पण तुमच्या ओळखीच्या एखाद्या शिक्षकाचा दिवस आठवा. जबाबदारी मोठी आणि मुखत्यारी छोटी, असा तो दिवस असतो की नाही? चाळीस मुलांच्या प्रगतीला जबाबदार तो एकटा. पण आज कोणता धडा घ्यायचा, किती दिवस घ्यायचा, चाचणी कधी घ्यायची, हे पुष्कळदा वरून ठरून येते. त्यात पोषण आहाराच्या नोंदी, निरनिराळ्या पोर्टलांवर भरायची माहिती, छायाचित्रे काढून पाठवायची, मतदारयादीचे काम. ‘घरचे झाले थोडे, व्याह्याने धाडले घोडे’! शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. दशवार्षिक जनगणना, आपत्तीतील मदत आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामाला शिक्षकाला जुंपू नये, असे त्याच्या २७ व्या कलमात लिहिले आहे. शिक्षकाच्या आठवड्याच्या कामाचे ४५ तास त्याच कायद्याच्या परिशिष्टात धरले आहेत, आणि ते पाठाच्या तयारीसकट धरले आहेत. म्हणजे तयारीचा वेळ हा कामाचाच वेळ, हे कायद्याला मान्य आहे. आपल्या वेळापत्रकाला ते मान्य आहे का, हा प्रश्न प्रत्येक शाळेने स्वतःला विचारावा.

कामाइतकाच मानाचाही प्रश्न आहे. योहानेस झिग्रिस्ट या जर्मन अभ्यासकाने १९९६ साली असे मांडले, की माणूस जितके ओततो त्या मानाने त्याला परत मिळाले नाही, तर त्याची प्रकृती ढासळते. परत मिळणे म्हणजे केवळ पगार नव्हे. पगार, मान आणि नोकरीची शाश्वती, या तिन्ही गोष्टी त्यात येतात. विनाअनुदानित शाळेत वर्षानुवर्षे तुटपुंज्या पैशांवर शिकवणाऱ्या शिक्षकाला या तिन्हींचा तुटवडा एकदम सोसावा लागतो. त्याला ‘सकाळी प्राणायाम करा, ताण घेऊ नका’ असा उपदेश करणे म्हणजे उपाशी माणसाला सावकाश चावून खाण्याचे फायदे सांगण्यासारखे आहे. प्राणायाम चांगलाच, पण तो पगाराच्या जागी चालत नाही.

आणि ज्यांना पगार वेळेवर मिळतो, त्यांचे काय? खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्रात १९७७ चा सेवाशर्तींचा कायदा आहे. बडतर्फ केले किंवा पदावरून खाली आणले, तर शिक्षकाला न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. पण ‘तुम्हाला एवढेही कळत नाही का?’ हे वाक्य मुलांच्या देखत ऐकावे लागले, तर त्याची दाद कोणत्या न्यायाधिकरणाकडे मागायची? ते वाक्य दोन क्षणांत बोलून होते. ऐकणारा मात्र ते घरी नेतो, जेवताना आठवतो, रात्री कूस बदलताना आठवतो. दुसऱ्या दिवशी त्याच मुलांपुढे उभे राहायचे असते, आणि आता आपल्या शब्दाला वर्गात पूर्वीचे वजन राहिले आहे का, हा किडा डोक्यात वळवळत असतो.

अशी कल्पना करा, की एकाच तालुक्यात दोन शाळा आहेत. इमारती सारख्या, पटसंख्या सारखी, पगारही सारखे. एका शाळेत बाईंचा पाठ मनासारखा झाला नाही. मुख्याध्यापक दारातूनच म्हणाले, “काय हे बाई! वर्ग आहे की बाजार?” दुसऱ्या शाळेत तसाच पाठ फसला. तिथले मुख्याध्यापक काही न बोलता निघून गेले आणि मधल्या सुटीत म्हणाले, “बाई, अपूर्णांक मुलांना जड जातायत का? उद्या पहिल्या तासाला मी मागे बसतो. दोघं मिळून बघू.” दोन्ही ठिकाणी चूक दाखवली गेली. दुसऱ्या शाळेत काही ढिलाई झाली असेही नाही. उलट तिथे मुख्याध्यापकांना एक तास जास्त बसावे लागले. पण पहिल्या शाळेतल्या बाई उद्या आजारी पडण्याचे कारण शोधतील, आणि दुसऱ्या शाळेतल्या बाई रात्री अपूर्णांकांसाठी भाकरीचे चित्र काढत बसतील.

आता सहकाऱ्यांविषयी. शिक्षकी पेशात बाहेरून येणारा त्रास नवा नाही. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा सावित्रीबाई फुले यांनी काय सोसले हे आपण जाणतो. पण त्यांच्या आयुष्यातली एक छोटी गोष्ट मला फार बोलकी वाटते. १८५६ च्या ऑक्टोबरमध्ये त्या आजारपणामुळे नायगावला माहेरी होत्या. तिथून त्यांनी जोतीरावांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. आपल्यामागे सगळा भार फातिमावर पडला असेल, ही काळजी त्या पत्रात आहे. आणि फातिमा तो निमूटपणे वाहील, हा भरवसाही आहे. अंथरुणावर असलेल्या शिक्षिकेला जिच्या श्रमांची आठवण येते, अशी सहकारीण जवळ असणे हे केवढे बळ! बाहेर दगड पडत असताना आतली हवा अशी होती, म्हणून ते काम टिकले, असे मला वाटते.

आज आपल्याकडे वाड्या-वस्त्यांवर पुष्कळ लहान शाळा आहेत. साठपर्यंत मुलांच्या प्राथमिक शाळेला कायद्याने दोन शिक्षक धरले आहेत. त्यांतला एक बैठकीला किंवा रजेवर गेला, की उरलेला एकटाच चार-पाच इयत्ता सांभाळतो. त्याच्याशी मोठ्या माणसासारखे बोलायला दिवसभर कुणी नसते. अशा शिक्षकाला महिन्यातून एकदा होणारी केंद्राची शिक्षण परिषद हाच सोबतीचा दिवस. तो दिवसही जर नुसत्या सूचना ऐकण्यात गेला, तर बिचाऱ्याने आपले मन मोकळे करायचे कुठे?

हे सारे साचत गेले की एक अवस्था येते. तिला बर्नआउट म्हणतात. आपण उमेद जळून जाणे म्हणू. माणूस आतून थकतो, मग त्याला कामाचा आणि मुलांचा दुरावा वाटू लागतो, आणि शेवटी ‘माझ्या शिकवण्याने काही होत नाही’ असे त्याच्या मनात घर करते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली रोगांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती मान्य केली. तिच्यात या अवस्थेची नोंद रोग म्हणून केलेली नाही. कामाच्या जागी दीर्घकाळ राहिलेल्या आणि नीट न हाताळल्या गेलेल्या ताणातून उद्भवणारी अवस्था, अशी ती नोंद आहे. हा भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे. ज्याचे मूळ कामाच्या जागी, त्याचा इलाजही कामाच्याच जागी झाला पाहिजे.

‘शिक्षकांचे ते शिक्षक बघतील,’ असे कोणी पालक म्हणतील. त्यांना एवढेच सांगेन, की ही आच मुलांपर्यंत पोचते. कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात चौथी ते सातवीच्या चारशेहून अधिक मुलांच्या लाळेतील कॉर्टिसोल तपासले गेले. तो अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. ज्या वर्गांचे शिक्षक अधिक खचलेले होते, त्या वर्गांतल्या मुलांमध्ये सकाळचे हे प्रमाण अधिक आढळले. शिक्षकामुळे मुले, की मुलांमुळे शिक्षक, हे त्यावरून ठरत नाही. पण एकाच खोलीतल्या माणसांची प्रकृती एकमेकांपासून वेगळी काढता येत नाही, एवढे त्यातून नक्की कळते. शिकागोतील प्राथमिक शाळांचा अनेक वर्षे अभ्यास करून ब्राइक आणि श्नायडर यांनी २००२ साली असे मांडले, की मुख्याध्यापक, शिक्षक आणि पालक यांचा परस्परांवर जिथे भरवसा होता, तिथे मुलांचे वाचन आणि गणितही अधिक सुधारले.

मग करायचे काय? नवे शिक्षक नेमणे, अनुदान देणे, इमारती बांधणे ही सरकारची आणि संस्थांची कामे आहेत. त्यांचा आग्रह सोडता कामा नये. पण पुष्कळशा गोष्टी उद्यापासून, पैशावाचून करता येतात.

मुख्याध्यापकांनो, शाळा सुटल्यानंतर कामाचे निरोप धाडायचे नाहीत, असा नियम करा. खरी तातडी असेल तर फोन करा. वेळापत्रक लावताना एका शिक्षकाचे सलग चार तास शक्यतो ठेवू नका. घशालाही मधली सुटी हवी. एखाद्याचा मोकळा तास घ्यावाच लागला, तर तो पाळीपाळीने घ्या. नेहमी त्याच गरीब माणसाच्या माथी मारू नका. स्वच्छतागृहाची कडी आजच बसवून घ्या. शिक्षकसभेची पहिली दहा मिनिटे तुमच्या सूचनांना न देता शिक्षकांच्या अडचणींना द्या, आणि मागच्या वेळच्या अडचणीचे काय झाले तेही सांगा. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील, तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. ती नुसती फलकावर नको. आणि दोष दाखवायचा तो दाराआड, कौतुक करायचे ते चारचौघांत.

शिक्षकांनो, आवाज दोन-तीन आठवड्यांत सुटला नाही, तर गुळण्यांवर विसंबू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. मन फार खचले असेल, तर तेही दुखणेच समजा. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून सरकारने मोफत सल्ल्याची सोय केली आहे. आणि शिक्षकखोलीत कुणी नवीन आले असेल, तर पहिल्या आठवड्यात त्याच्याशेजारी डबा उघडून बसा. हवा काही एकटे साहेबच घडवीत नाहीत; निम्मी तरी आपणच घडवत असतो.

पालकांनीही एक करावे. मुलाचा गृहपाठ विचारायला रात्री साडेनऊला फोन करू नये. आणि पाठ आवडला असे मुलाने सांगितले, तर ते शिक्षकाच्या कानांवर घालावे. तक्रार पोचवायला आपण तत्पर असतो; चांगला शब्द मात्र घरीच राहून जातो.

शाळेची तपासणी होते तेव्हा पट मोजतात, फळे मोजतात, बाके मोजतात, कीर्दी पाहतात. त्या यादीत आणखी एक प्रश्न घालावा असे मला वाटते. सकाळी फाटकातून आत येताना इथल्या शिक्षकाची पावले जड होतात की हलकी? याचे उत्तर कोणत्याही रकान्यात भरता येणार नाही. पण फाटकाशी दहा मिनिटे उभे राहिले, तर ते कुणालाही दिसेल.